लवणासुराचं झाकण

नागपुरात तलावांना तोटा नाही. अंबाझरी, फुटाळा, शुक्रवारी, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव, गोरेवाडा. यांतला कुठलाही एक मनात धरा. रोजच्या वाटेवर लागतो तो, किंवा ज्याच्या काठच्या ठेल्यावर कधीतरी भाजलेलं कणीस खाल्लंय तो. फार निवड करू नका. पहिला आठवला तो तुमचा.

आता मनानं त्याच्या पाळीवर जाऊन बसा. वेळ दिवे लागायच्या थोडी आधीची ठेवा. पाठीमागे गाड्यांचे भोंगे असतील, पोरं ओरडत असतील. ते घालवायच्या खटपटीत पडू नका. फुटाळ्यावर बसला असाल तर ते जाणारही नाही. नजर पाण्यावर ठेवा, आणि आधी अगदी काठाजवळ. तिथे निर्माल्य असेल, थर्माकोलचा तुकडा असेल, हिरवट शेवाळ असेल. तळाचा एखादा दगडही दिसेल. तिथून नजर हळूहळू आत न्या. दगड अंधुक होत जातील. एक जागा अशी येईल की तिच्यापुढे तळ दिसायचा बंद होतो.

त्या जागेवर थांबा. घाई नाही.

इथे मन आपण होऊन एक प्रश्न विचारतं. आत काय असेल? भिंतीकडे बघताना हा प्रश्न पडत नाही. डोंगराकडे बघतानाही क्वचितच पडतो. पाणी मात्र थोडं दाखवतं आणि उरलेलं राखून ठेवतं, आणि त्या राखून ठेवलेल्या भागापाशी आपण लहान होतो. उत्तराच्या मागे लागू नका. प्रश्न नुसता पाण्यावर तरंगत राहू द्या.

तलावाकाठच्या वस्तीत वाढलेल्या प्रत्येक पोट्ट्यानं एक वाक्य ऐकलेलं असतं. 'खोलात जाऊ नको बे, पाणी ओढते.' याच्याच जोडीला दुसरं. हा तलाव दरसाल एक जीव घेतो. ही दोन्ही वाक्यं मनात सावकाश म्हणून बघा. ओढतं कोण? पाणी. जीव कोण घेतो? तलाव. आत कुणी शेपटीवालं, सुळेवालं दडलंय, असं सांगणाऱ्यानं म्हटलेलंच नाही. सांगणाऱ्या आजीला विचारलं असतं की आजी, पाण्यात काय असते, तर ती म्हणाली असती, पाणी असते, अजून काय पाह्यजे तुले?

हे लक्षात राहू द्या. पुढे लागेल.

शुक्रवारी तलावाचंच घ्या. बख्त बुलंदशहानं वसवलेल्या या गावाला त्याच्या मुलानं, चांदसुलतानानं, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी केलं, कोट घातला आणि ओढा अडवून हा तलाव करवला. जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव, गांधीसागर अशी नावं बदलत गेली, काठ बांधले गेले, कठडे आले. तलाव जीव घेतो हे बोलणं मात्र नाव बदललं म्हणून थांबलं नाही. त्यामागे गाळ आहे, एकाएकी लागणारी खोली आहे, पायात गुरफटणारी जलपर्णी आहे, आणि जगणं नकोसं झालेल्या माणसांची दुःखंही आहेत. एवढं सगळं कुणी दर वेळी समजावून सांगत बसत नाही. एका वाक्यात पोराचा पाय काठावर थबकतो, तेवढं पुरतं.

जगात या प्रश्नाचं सगळ्यांत गाजलेलं उत्तर स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवराचं आहे. ते थोडक्यात उरकतो, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. २ मे १९३३ रोजी 'इन्व्हरनेस कुरिअर' या वर्तमानपत्रात एका जोडप्याला पाण्यात काहीतरी प्रचंड घुसळताना दिसल्याची बातमी आली. पुढच्या वर्षी 'डेली मेल'नं लांब मानेच्या प्राण्याचं छायाचित्र छापलं. खेळण्यातल्या पाणबुडीवर नकली मान बसवून ते काढल्याचं १९९४ मध्ये जगजाहीर झालं. २०१८ मध्ये न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ नील गेमेल यांनी सरोवरभर पाण्याचे नमुने घेऊन त्यातला डीएनए तपासला. पुराणकाळातल्या सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस लागला नाही. ईल माशांचा डीएनए मात्र भरपूर सापडला. तरीही लोक दुर्बिणी घेऊन काठावर बसतातच.

मला त्या लोकांची थट्टा करायची नाही. संध्याकाळ पाण्याकडे बघत घालवणारा माणूस, कारण काहीही असो, वाईट संध्याकाळ घालवत नाही. पण त्यांचं बसणं आणि आपलं बसणं यांत फरक आहे, आणि आता थोडा वेळ त्या फरकापाशी थांबू. त्यांचा प्रश्न आहे, दिसेल का? गोष्ट पूर्ण व्हायला तिथे दर्शन लागतं, फोटो लागतो, निदान लाटेचा एक संशयास्पद उंचवटा तरी लागतो.

आपल्याकडे साती आसरा आहेत. गावच्या डोहापाशी, जुन्या विहिरीच्या कडेला, शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही पाहिले असतील. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी ही त्यांची नावं. मासळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगर. निम्म्याहून अधिक तळं त्या नावांतच भरलेलं आहे. आसरांना हळदकुंकू वाहतात, हिरव्या बांगड्या देतात, भर दुपारी आणि तिन्हीसांजेला त्यांच्या डोहावर जाऊ नये म्हणतात. पण आसरा दिसाव्यात म्हणून कुणी डोहाकाठी ठाण मांडून बसल्याचं ऐकलंय का? उलट दिसू नयेत अशीच सगळ्यांची इच्छा. आसरांशी संबंध डोळ्यांचा नाही, वागणुकीचा आहे. कधी जायचं, कधी नाही, काय न्यायचं, कसं परतायचं, एवढंच.

आता पाळीवरून न उठता जरा लांब जायचं आहे. नागपुरातून समृद्धी महामार्गाला लागा. वर्धा मागे पडेल, अमरावती आणि वाशीम हे जिल्हे जातील, आणि मेहकरच्या अलीकडे-पलीकडे महामार्ग सोडून बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला पोचा. रस्ता मनातलाच आहे, टोल नाही.

लोणारला पहिल्यांदा जाणारा माणूस गावातून चालत असतो आणि जमीन एकाएकी संपते. समोर प्रचंड गोल खड्डा. कडेपासून कडेपर्यंत जवळजवळ १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर, आणि तळाशी हिरव्या पाण्याचं तळं. कडेवर उभे राहा. खालून मोराचा आवाज येईल, माकडं झाडांवरून उड्या मारत असतील. आधी खाली उतरू नका. एकदा डावीकडून उजवीकडे पूर्ण गोल फिरवून नजर पुन्हा आपल्या पायांशी आणा. वर्तुळ इतकं नेटकं आहे की ते आपोआप झालं असेल यावर विश्वास बसत नाही. आणि अविश्वासाच्या याच जागेवर लोणारची गोष्ट उभी आहे.

लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहत होता. बिळावर भलंमोठं झाकण. बाहेर येऊन माणसांना छळायचं आणि आत जाऊन झोपायचं. तो सापडेना, तेव्हा विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं आणि त्याच्या दोन बहिणींना भुलवलं. त्यांनी भावाचा ठिकाणा सांगितला. मग त्यानं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं. दैत्य खाली पलंगावर झोपलेला होता. तो तिथेच मारला गेला. झाकण नैऋत्येला कित्येक कोस लांब जाऊन पडलं, आणि त्याची टेकडी झाली. तळ्याचं पाणी म्हणजे दैत्याचं रक्त, आणि पाण्यातलं मीठ म्हणजे त्याचं कुजलेलं मांस. मारणारा तो दैत्यसूदन. लोणार गावात त्याचं देखणं मंदिर आहे, आणि शिल्पांकडे बघत तिथे तास काढता येतो.

ही गोष्ट तुम्ही आधी ऐकली असेल. आता तिच्या एकाच तुकड्याशी थोडं बसा. झाकण.

गोष्ट रचणाऱ्याला झाकणाची गरज काय होती? दैत्य मारला, खड्डा पडला, इतकं पुरे होतं. पण कडेवर उभ्या राहिलेल्या कुणाला तरी तुमच्याआमच्यासारखाच एक प्रश्न पडला असणार. एवढी जागा रिकामी आहे, तर इथला दगड गेला कुठे? आणि त्यानं आजूबाजूला नजर टाकून एक टेकडी शोधली, जिचं माप या तळ्याशी जुळतं असं पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. गोष्टीच्या पोटात हा हिशेब आहे. भोकाचा आणि बुचाचा ताळेबंद.

गंमत अशी की अमेरिकेतले भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट ॲरिझोनातल्या अशाच एका गोल खड्ड्यापाशी गेले आणि त्यांनीही हाच हिशेब मांडला. खड्ड्याचं घनफळ किती, आणि भोवतीच्या कडेत साचलेल्या दगडामातीचं किती? दोन्ही साधारण सारखी निघाली. मग आत पुरलेली उल्का कुठे? नाही, म्हणजे हा वाफेचा स्फोट, असं त्यांनी ठरवलं. १८९६ साली छापलेल्या त्या लेखात लोणारचाही उल्लेख आहे. निष्कर्ष चुकला. ॲरिझोनातला खड्डा उल्केचाच होता. पण चुकीपर्यंत नेणारा प्रश्न तोच होता, झाकणाचा. मला ही जोडी फार आवडते. एकीकडे कुणी अनाम वऱ्हाडी माणूस, दुसरीकडे वॉशिंग्टनचा नावाजलेला भूशास्त्रज्ञ, आणि दोघे पोकळीच्या काठावर उभे राहून भरणा शोधताहेत.

लोणारचा खरा छडा १९७३ मध्ये लागला. बेसाल्ट खडकात प्रचंड धक्क्यानं बनलेली मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली, आणि अमेरिकी व भारतीय शास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं की हे विवर आघातानं झालं आहे. केव्हा झालं, यावर मात्र एकमत नाही. एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. पहिल्या आकड्याचा आधार घेऊन काही जण उत्साहानं सांगतात की आपल्या पूर्वजांनी उल्का पडताना पाहिली आणि त्याचीच लवणासुराची गोष्ट झाली. ऐकायला छान वाटतं. मला ते पटत नाही. आपल्याला पणजोबांच्या वडिलांचं नाव सांगता येत नाही, आणि पन्नास हजार वर्षांची आठवण तोंडोतोंडी टिकली म्हणे. उल्का पाहायची गरजच नव्हती. खड्डा समोर होता, तेवढा पुरेसा होता.

आता खाली उतरा. पायऱ्या जपून. सागाची, सीताफळाची झाडं लागतील, पडकी देवळं लागतील, त्यांत वटवाघळांचा वास. तळाशी कमळजा देवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिची यात्रा भरते. देवळाजवळ सासू-सुनेची विहीर म्हणून एक विहीर आहे, तिच्या एका बाजूचं पाणी गोडं आणि दुसऱ्या बाजूचं खारं म्हणतात. कुठलं पाणी सासूचं आणि कुठलं सुनेचं, हे सांगणारा बाई आहे की पुरुष, त्यावर अवलंबून असावं.

देवळापासून पाण्यापर्यंतची शेवटची पावलं हळू टाका. जमीन काळी, भुसभुशीत, ओली होत जाते. पाऊल टाकलं की वरची पांढरट पापडी तडकते आणि खालचा मऊ गाळ बोटांमधून वर येतो. नाकात सडक्या अंड्यासारखा वास शिरतो. पाणी हिरवं, दाट. हातात घेतलं तर साबणासारखं बुळबुळीत, कारण ते क्षारीय आहे, पीएच दहाच्या आसपास. पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यात मासा नव्हता. ज्या तळ्याला महाराष्ट्रातला सगळ्यांत प्रसिद्ध दैत्य मिळाला, त्या तळ्यात कुणी दैत्य राहायला आलाच असता तर त्याला खायला काही नव्हतं. इथे राहतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. पाण्याला हिरवेपणा देणारी सूक्ष्म शेवाळं आणि मीठ-खारात मजेत जगणारे जिवाणू.

तेव्हा गोष्ट पुन्हा ऐका, आता पाण्याजवळून. लवणासुर पाण्यात नाही. लवणासुर मेला, आणि पाणी त्याचंच झालं. समोर दिसतंय ते दैत्याचं घर म्हणता येणार नाही, ते त्याचं शरीर आहे. दुर्बीण लावून शोधायला इथे काही उरलेलं नाही, कारण काहीच लपलेलं नाही. तुम्ही ज्याच्याकडे बघताय, तोच तो.

या शरीराशी लोक कसे वागले, हेही बघण्यासारखं आहे. भीती वाटून दूर पळाले नाहीत. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर जमणारा खार गोळा केला, त्याचे प्रकार पाडले, डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं दिली, ठेके दिले, व्यापार केला. काच आणि साबण करायला लागणारं सामान इथे मिळतं, अशी नोंद अकबराच्या काळात 'आईन-ए-अकबरी'त झालेली आहे. दैत्याच्या मांसानं कपडे धुतले, बांगड्या घडवल्या. एवढं निवांत नातं दैत्याशी क्वचितच कुणी ठेवलं असेल.

मग जून २०२० उजाडला. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरात, आणि बातमी आली की लोणारचं पाणी गुलाबी झालंय. फोनवर फोटो फिरले. लोणारचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आधीपासून होतंच. न्यायालयानं विचारणा केली, नमुने घेतले गेले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी गुलाबी दिसतं. काही दिवसांनी रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

त्या दिवसांतला एखादा फोटो आठवला तर आठवा. पाण्याला रक्त म्हणणारी गोष्ट शेकडो वर्षं आधी सांगून झालेली होती. सूक्ष्मजीवांचं कारण शंभर टक्के खरं आहे, मी त्यात तीळभर शंका घेत नाही. पण ते कारण माहीत असूनही त्या गुलाबी रंगाकडे बघताना पोटात काय हललं, ते तपासा. हलायला हरकत नाही. मग अशी पाळी पूर्वीच्या उन्हाळ्यांतही कधी आली असेल का, आणि ती कुणी पाहिली असेल का, हा विचार येऊ द्या. येऊ द्या आणि जाऊ द्या.

लोणार सोडताना एक वळसा ताडोब्याचा घेऊ. नागपूरच्या दक्षिणेला, चंद्रपूर जिल्ह्यात. आज लोक तिथे वाघासाठी जातात आणि तळं वाटेत लागतं म्हणून बघतात. तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला, ही एक कथा. तळ्याची जुनी कथा वेगळी आहे, ब्रिटिश काळातल्या नोंदींतही ती उतरली. गवळ्यांचं एक वऱ्हाड या डोंगरांतून चाललं होतं. तहानेनं जीव कासावीस. एक विचित्र म्हातारा भेटला, त्यानं नवरानवरीला जमीन खणायला सांगितलं. झरा फुटला. सगळे प्याले. पाणी मात्र थांबेना, पसरतच गेलं, आणि आख्खं वऱ्हाड बुडालं. पुढे असं झालं की यात्रेकरूंनी हाक मारली की तळ्यातून स्वयंपाकाची भांडी वर यायची. वापरून, धुऊन परत पाण्यात सोडायची. एकानं ती घरी नेली. भांडी नाहीशी झाली, आणि तेव्हापासून तळं काही देत नाही.

या गोष्टीत मगर आहे का, पुन्हा बघा. नाही. आणि ताडोब्याच्या तळ्यात मगरी खरोखर आहेत. १९७७ मध्ये तिथे मगरींच्या पैदाशीचा प्रकल्पही सुरू झाला. डोळ्यांसमोर सुळेवाला प्राणी काठावर ऊन खात पडलेला असतो, आणि गोष्ट सांगणाऱ्यानं त्याला भूमिका दिलेली नाही. तहान भागवतं ते तळं, बुडवतं ते तळं, भांडी देतं ते तळं, आणि रुसतं तेही तळंच. नागपुरात २०२१ च्या अखेरीस नाग नदीत मगर दिसली होती, तुम्हाला आठवत असेल. शहरभर चर्चा, मोबाइल सरसावलेले. तिची बातमी झाली, गोष्ट झाली नाही. मगर पकडता येते, मोजता येते, पिंजऱ्यात घालून दुसरीकडे सोडता येते. तळ्याचं तसं करता येत नाही.

इथे थोडं थांबा, कारण पुढचं आठवणं काही वाचकांना जड जाईल.

२२ सप्टेंबर २०२३ ची रात्र, शुक्रवार उलटून शनिवार लागलेला. नागपुरावर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी, जो एकोणिसाव्या शतकात शहराला पाणी पाजण्यासाठी बांधला आणि ज्याच्या काठावर दोन-तीन पिढ्यांनी फुगे आणि आइस्क्रीम मागितलं, तो भरून वाहिला. पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, वर्मा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घुसलं. झोपलेल्या माणसांच्या पलंगाला पाणी लागलं. फ्रिज आडवे होऊन तरंगले, गाड्या एकमेकींवर चढल्या. बचावासाठी लष्कर बोलवावं लागलं. माणसंही गेली.

तुम्ही त्या घरांपैकी एखाद्यात होतात, तर ही रात्र मनातून सावरून न्या, नको असेल तर पुढच्या परिच्छेदावर जा. नव्हतात, तर एवढंच कल्पा. अंधार आहे, वीज गेलीय, आणि पायरीवर पाण्याचा आवाज येतोय. तो आवाज दारात येतो. कुणी ठोठावत नाही. दाराखालच्या फटीतून थंड, पातळ, चकचकीत असं काहीतरी आत सरकतं. आणि मग ते थांबत नाही. ताडोब्याच्या वऱ्हाडाला नेमकं हेच झालं होतं.

नंतर जे व्हायचं ते झालं. सांडव्यासमोरच्या स्मारकामुळे पाणी अडलं का, नदीचं पात्र कुणी किती आवळलं, नाल्यांवर काय काय बांधलं गेलं, हे वाद न्यायालयात गेले. अहवाल, पाहण्या, भिंती. ते व्हायलाच हवं, आणि वेळेत व्हायला हवं. मात्र त्या सगळ्या कागदांत अंबाझरीची बाजू कुणी मांडली नाही. त्याला बोलता आलं असतं तर तो इतकंच म्हणाला असता की साहेब, मी नेहमीच्याच वाटेनं गेलो, वाटेत तुमचं घर लागलं.

त्या वाटेपाशी शेवटचं थोडं बसायचं आहे. यावेळी तलावाकडे पाठ करून. तोंड तुमच्या घराकडे करा. डोळे मिटले तरी चालतील. घरापासून उताराची दिशा कुठली? जोराचा पाऊस आला की गल्लीतलं पाणी आधी कुठे साचतं आणि मग कुणीकडे पळतं? तिकडे मनानं चालत जा. सिमेंटचा रस्ता, त्याखाली कदाचित पाइप, त्याआधी कदाचित उघडा नाला, त्याच्याही आधी ओढा, काठावर उंबर किंवा करंज. किती मागे जाता येतं बघा. बहुतेकांना फार मागे जाता येत नाही. मलाही येत नाही. आपण प्लॉटचा उतारा बघितला, पाण्याचा उतार बघितला नाही.

मग उठा, आणि वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला जाऊन भेटा. चहाच्या वेळी जा, म्हणजे बोलणं निघतं. इथे आधी काय होतं, एवढंच विचारा. तो हात वर करून दिशा दाखवेल, अमुक बंगल्याच्या मागून नाला जात होता म्हणेल, आणि थोड्या वेळानं आवाज खाली आणून, त्या नाल्यावर रात्री एक बाई उभी राहायची, हेही सांगेल. घरातली तरणी मंडळी तेवढ्यात हसतील, आबा काही बी सांगतेत म्हणतील. तुम्ही हसू नका. ती बाई नेमकी कुठे उभी राहायची, तेवढी जागा नीट विचारून घ्या.